बोलणे आणि बोलणी

दहावीच्या सराव परीक्षेतली एक वही मी अजून जपून ठेवली आहे. पत्रलेखनाच्या प्रश्नात ग्रामपंचायतीकडे पाण्याची तक्रार करायची होती. मुलीने पत्ता, तारीख, विषय, सगळे जागच्या जागी मांडले होते. अक्षर सुंदर होते. तिसऱ्या ओळीत तिने लिहिले होते, ‘आय वॉन्ट टू कम्प्लेंट अबाउट द वॉटर सप्लाय.’ मी ‘कम्प्लेंट’खाली लाल रेघ ओढली, शेवटचा ‘टी’ खोडला आणि पुढची वही घेतली. वह्या वाटून झाल्यावर ती टेबलाशी आली आणि म्हणाली, “सर, पण आपण कम्प्लेंटच करतो ना? कम्प्लेन कोण करतं?”

तिचे खरेच होते. लाइट गेली की आपण कम्प्लेंट करतो, पोलिसांत कम्प्लेंट देतो, वर्गातली मुले एकमेकांची कम्प्लेंट घेऊन येतात. ‘कम्प्लेन करणे’ गावात कुणाच्या तोंडी नाही. लहानपणापासून जो शब्द ‘करताना’ ऐकला तोच तिने लिहिला. मी तिला एवढेच सांगू शकलो की हे नाम आहे आणि तिथे क्रियापद हवे. ती “बरं” म्हणून गेली, पण तिच्या चेहऱ्यावरून दिसत होते की प्रश्न तसाच राहिला आहे. पुढे कितीतरी वर्षे मी वह्यांमधून हीच जात शोधत राहिलो: सल्ला, विनंती, चर्चा, नकार, उत्तर, जाहीर करणे, समजावणे. माणसाने माणसाला काही कळवायचे असते तेव्हाचे इंग्रजी शब्द, आणि त्यांची नामाची व क्रियापदाची रूपे. त्या शोधातून हे पुस्तक झाले.

शब्दकोशात इतके विषय असताना फक्त संवादाचेच शब्द का, असे मला विचारले गेले. आमच्या मुलांना इंग्रजीची गरज पहिल्यांदा कुठे पडते ते पाहा. त्यांना अर्ज करायचा असतो, माफी मागायची असते, मुलाखतीत उत्तर द्यायचे असते, ईमेलला जबाब द्यायचा असतो. मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आले, त्याआधी ते पाचवीत भेटायचे. वर्षे वाढली तरी नोकरीच्या पहिल्याच ईमेलमध्ये मुलगा ‘प्लीज ॲडव्हाइस’ लिहितो आणि वरिष्ठ त्यावरून त्याचे माप काढतात. त्या मुलाला विषय कळलेला असतो, शब्दही माहीत असतो. शब्दाचे नेमके कोणते रूप कुठे बसते, एवढे मात्र त्याला कुणी समजावून दिलेले नसते.

दुसरे कारण मराठीतच आहे, आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते.

आपल्या भाषेत बोलण्याची मूळ क्रियापदे मोजकी आहेत: बोलणे, सांगणे, म्हणणे, विचारणे, ओरडणे, अशी काही. यांची खास गोष्ट अशी की त्यांचे ‘णे’कारान्त रूप एकाच वेळी क्रिया असते आणि नामही असते. ‘त्याला बोलणे जमत नाही’ आणि ‘त्याचे बोलणे गोड आहे’ ही वाक्ये आपण एका दमात बोलतो. व्याकरणकार याला धातुसाधित नाम म्हणतात. घरात तेवढे नाव घ्यायची गरज पडत नाही. एकट्या ‘बोल’ या धातूचे कुटुंब बघितले तरी जीव हरखतो. बोल म्हणजे शब्द आणि बोल म्हणजे ठपकाही, म्हणून आपण कुणाला बोल लावतो. लग्नाची बोलणी होतात, उशिरा घरी आल्यावर बोलणी खावी लागतात. प्रांताची बोली असते. कुणी निरुत्तर झाला की त्याची बोलती बंद होते. पाहुण्यांना बोलावणे जाते. नाम आणि क्रियापद इथे एकाच ओसरीवर बसलेले असतात.

याखेरीज आपल्याकडे आणखी एक जुनी युक्ती आहे. समोरच्याच्या मनात जे घडावे, त्याचे प्रयोजक रूप केले की संवादाचे क्रियापद तयार होते. कळणे, कळवणे. पटणे, पटवणे. समजणे, समजावणे. ऐकणे, ऐकवणे, आणि ‘चांगले ऐकवले’ म्हटले की त्यात रागही आला. इंग्रजीत ‘कळणे’ आणि ‘कळवणे’ यांना एकमेकांशी नाते नसलेले दोन शब्द लागतात. आपण एक ‘व’ घालून काम भागवतो. वर्गात ही जोडी फळ्यावर लिहिली की मुले पुढच्या जोड्या भराभर सांगतात, आणि इंग्रजीच्या तासाला मराठीचा अभिमान वाटण्याचा तो प्रसंग मी सहसा चुकवत नाही.

पण ही मूळ क्रियापदे संपली की बाकीचा सगळा संसार नामावर चालतो. चर्चा करणे, विनंती करणे, उत्तर देणे, सल्ला देणे, नकार देणे, आभार मानणे, हरकत घेणे, निरोप धाडणे, हाक मारणे. क्रियापदाच्या पोटात नाम उघड्यावर बसलेले आहे. ‘करणे’, ‘देणे’, ‘घेणे’ ही नुसती हातभार लावणारी मंडळी. इंग्रजीत याच्या उलट आहे. ‘डिस्कस’ हे एकच क्रियापद, त्यात नाम दिसत नाही. नाम हवे असेल तर ‘डिस्कशन’ असे वेगळे रूप करून घ्यावे लागते.

आता मुले ‘डिस्कस अबाउट’ का लिहितात ते बघू. शिक्षक हजार वेळा सांगतात की ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ नको. मुले पाठ करतात आणि पुन्हा लिहितात. कारण मराठी वाक्य आहे ‘आम्ही सहलीबद्दल चर्चा केली.’ ‘बद्दल’ आले आहे ते ‘चर्चा’ या नामासाठी. इंग्रजीतही नाम असेल तेव्हा ‘अबाउट’ लागतेच: ‘अ डिस्कशन अबाउट द ट्रिप.’ क्रियापद झाले की मात्र ते गळते आणि सहल थेट कर्म बनते. म्हणजे मुलीच्या वाक्यात अडाणीपणा नाही, एक शिस्त आहे. ती नामाची शिस्त क्रियापदाला लावते, कारण तिच्या भाषेत ती दोन्ही एकच आहेत. ‘रिक्वेस्ट’चेही तेच. मदतीसाठी विनंती, म्हणून ‘रिक्वेस्ट फॉर हेल्प’ हे नाम म्हणून बरोबर, पण क्रियापद होताना ‘फॉर’ नको. पत्राला उत्तर, म्हणून ‘ॲन आन्सर टू द लेटर’. क्रियापदात तो ‘टू’ जातो. आणि ‘रिप्लाय’ मात्र तो ‘टू’ सोडत नाही, नाम असो की क्रियापद. इतकी वर्षे शिकवून माझे मत असे झाले आहे की ‘अबाउट लावू नका’ हा नियम एकटा देऊ नये. नामाचे वाक्य आणि क्रियापदाचे वाक्य शेजारीशेजारी द्यावे. या पुस्तकात प्रत्येक नोंद तशीच मांडली आहे.

इंग्रजी शब्द मराठीत येतात तेव्हा कोणत्या रूपाने येतात, हे मी बसमध्ये, बँकेत, लग्नघरात कान देऊन ऐकत आलो आहे. दोन दरवाजे आहेत. क्रियापदाचे रूप आले तर त्याला ‘करणे’ जोडले जाते: डिस्कस करणे, इन्फॉर्म करणे, सजेस्ट करणे, अनाउन्स करणे, एक्सप्लेन करणे. नामाचे रूप आले तर बहुधा ‘देणे’, ‘घेणे’, ‘होणे’: सजेशन देणे, परमिशन घेणे, अनाउन्समेंट होणे, ॲप्लिकेशन देणे. कुणी हे शिकवलेले नाही. ज्यांना इंग्रजीचे एक वाक्य लिहिता येत नाही अशी माणसेही ‘सजेस्ट देणे’ म्हणत नाहीत. कान आपोआप वर्गवारी करतो. ‘कम्प्लेंट करणे’ या नियमातून निसटते, कारण त्याच्याआधी तिथे ‘तक्रार करणे’ ठाण मांडून होते आणि नवा शब्द जुन्याच्याच पाटावर बसला. वहीतल्या त्या मुलीला मी आज हे सांगू शकेन.

कधीकधी दोन रूपे दोन वेगळ्या आयुष्यांत जातात. विहिरीच्या अनुदानासाठी पंचायत समितीत पाठवतात ते ‘प्रपोजल’. मुलाने मुलीला करायचे ते ‘प्रपोज’. इंग्रजीत ही एकाच शब्दाची नाम आणि क्रियापद रूपे आहेत, पण आपल्या गावात त्यांची ओळखदेखील उरलेली नाही. ‘कोटेशन’चेही तसेच. इंग्रजीत ते अवतरणही आहे आणि दरपत्रकही. आपल्याकडे दुरुस्तीच्या कामासाठी ‘तीन कोटेशन मागवा’ एवढाच त्याचा जन्म.

इंग्रजी रूपे इतकी वेडीवाकडी का, याचे उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास थोडा तरी सांगितल्याशिवाय या जोड्या पाठांतराचे ओझे होतात. सर्वांत खालचा थर जुन्या इंग्रजीचा. स्पीक आणि स्पीच, टेल आणि टेल, म्हणजे सांगणे आणि कथा. या शेवटच्या दोघांचा उच्चार जवळचा असला तरी स्वर वेगळा आहे: क्रियापदात ऱ्हस्व ‘ए’, नामात लांबवलेला. जुन्या ‘टेल’चा एक अर्थ मोजणे असाही होता. म्हणूनच बँकेत रोकड मोजून देणाऱ्याला ‘टेलर’ म्हणतात. जर्मन भाषेत आजही मोजण्याचे आणि गोष्ट सांगण्याचे क्रियापद एकाच मुळाचे आहे. हे वाचले तेव्हा मला आपला ‘ख्या’ धातू आठवला. त्याच्यापासून संख्या झाली, आणि त्याच्यापासूनच आख्यान, व्याख्यान, व्याख्या. मोजणे आणि सांगणे यांची सोयरीक दोन्हीकडे सापडावी याचा मला फार आनंद झाला. घटना एकामागून एक क्रमाने घेणे हीच तर गोष्ट सांगण्याची पहिली पायरी.

‘आन्सर’ हाही त्याच थरातला. त्याच्या आत ‘स्वेअर’, म्हणजे शपथ घेणे, दडलेले आहे. आरोप झाल्यावर त्याच्याविरुद्ध शपथेवर दिलेला जबाब, हे त्याचे मूळ. त्याचे नाम आणि क्रियापद आज एकाच रूपात आहे.

या थरावर १०६६ नंतर फ्रेंचचा जाड थर चढला. नॉर्मन सरदारांनी इंग्लंड जिंकले. दरबार, न्यायालय आणि धर्मपीठ यांचा कारभार फ्रेंच आणि लॅटिनमध्ये चालू लागला. त्यामुळे घरगुती बोलणे जुन्या इंग्रजीत राहिले आणि औपचारिक बोलण्याचे शब्द परके आले: कम्प्लेन आणि कम्प्लेंट, प्लीड आणि प्ली, आर्ग्यू आणि आर्ग्युमेंट, अनाउन्स आणि अनाउन्समेंट. न्यायालयात फिर्यादींची बाजू इंग्रजीत मांडली जावी असा कायदा व्हायला १३६२ साल उजाडले, कारण लोकांना फ्रेंच कळत नव्हते, आणि तो कायदा स्वतः फ्रेंचमध्ये लिहिलेला होता. ‘कम्प्लेंट’मधला तो ‘टी’, ज्याच्यावर मी लाल रेघ ओढली, त्या काळातला आहे. ‘रिस्ट्रेन’ आणि ‘रिस्ट्रेंट’ यांतही तोच.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. अर्ज, जबाब, सल्ला, हुकूम, कबूल, जाहीर, तक्रार, हे आपले सगळे कारभारी शब्द अरबी-फारसीच्या वाटेने, सुलतानांच्या दप्तरातून आले. ‘तक्रार’चा मूळ अरबी अर्थ पुनःपुन्हा म्हणणे असा आहे, आणि ज्याने सरकारी कचेरीत खेटे घातले आहेत त्याला तो पटेल. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याच शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. पर्याय झाले, तरी अर्ज आणि जबाब आपल्या तोंडी राहिले. हे शब्द मराठीने नाम म्हणूनच घेतले आणि त्यांना ‘करणे’, ‘देणे’ जोडले. फर्मानाशेजारी ‘फर्मावणे’ असे सरळ क्रियापद बनावे, असे क्वचितच घडले. इंग्रजीने परक्या शब्दांचे क्रियापद थेट आत घेतले आणि नामेही वेगळी घेतली. कधी नाम फ्रेंचकडून, क्रियापद लॅटिनकडून, कधी उलट.

तिथेच ‘प्रोनाउन्स’ आणि ‘प्रनन्सिएशन’ची गंमत आहे. वर्गातली निम्मी मुले, आणि अनेक शिक्षकसुद्धा, ‘प्रोनाउन्सिएशन’ म्हणतात आणि तसेच लिहितात. त्यांचा तर्क चोख आहे: क्रियापदात ‘नाउन्स’ आहे तर नामात का नसावे? पण क्रियापद फ्रेंचमधून घासूनपुसून आले आणि नाम लॅटिनच्या जुन्या रूपावरून घेतले गेले, त्यामुळे स्वर बदलला. ‘डिनाउन्स’, ‘डिनन्सिएशन’ आणि ‘रिनाउन्स’, ‘रिनन्सिएशन’ याच रांगेतले. ‘अनाउन्स’ने मात्र फ्रेंच पद्धतीचे नाम घेतले. त्याचे लॅटिन वळणाचे ‘अनन्सिएशन’ हे रूप एकाच घोषणेसाठी राखून ठेवले गेले: गॅब्रिएल दूताने मरियेला दिलेला निरोप, ज्याचा सण २५ मार्चला येतो. एवढे सांगितल्यावर मुले ‘प्रनन्सिएशन’ चुकत नाहीत, असा माझा अनुभव आहे. गोष्ट लक्षात राहते, स्पेलिंग तिच्या मागोमाग येते.

उच्चारावर मी या पुस्तकात बरीच पाने दिली आहेत, कारण काही जोड्यांचा फरक फक्त कानाला कळतो. ‘ॲडव्हाइस’ नाम, ‘ॲडव्हाइज’ क्रियापद. लिहिताना ‘सी’ आणि ‘एस’, बोलताना ‘स’ आणि ‘ज’. हा ‘ज’ ‘जेवण’मधला नव्हे, ‘जहाज’मधला. मराठी माणसाला तो जन्मतःच येतो, फक्त तिथे वापरायचा असतो हे माहीत नसते. ‘एक्स्क्यूस’ म्हणजे सबब आणि ‘एक्स्क्यूज’ म्हणजे माफ करणे. शिवीगाळीच्या अर्थाचा ‘अब्यूस’ आणि शिव्या देण्याचा ‘अब्यूज’. या दोघांत तर स्पेलिंगही एकच, आवाज तेवढा वेगळा. नामाच्या शेवटी कठोर वर्ण, क्रियापदाच्या शेवटी मृदू. जुन्या इंग्रजीत क्रियापदाच्या शेवटी आणखी एक अक्षर उच्चारले जायचे आणि दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला ‘स’ मऊ पडायचा. शेवटचे अक्षर काळाच्या ओघात झडले, मऊपणा राहिला. ‘हाउस’ आणि ‘हाउज’, घर आणि घरात ठेवणे, हे त्याचे जुने उदाहरण. नंतर आलेल्या फ्रेंच शब्दांनीही तेच वळण धरले.

‘प्रॉफेसी’ आणि ‘प्रॉफेसाय’, म्हणजे भविष्यवाणी आणि भविष्य वर्तवणे, ही जोडी त्यांचीच चुलत बहीण. वर्तमानपत्रांतही चुकते, म्हणून मुद्दाम नोंदवली आहे.

दुसरा उच्चारभेद आघाताचा, आणि तो मराठी कानाला सर्वांत अवघड. आपल्या भाषेत ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो, ‘दिन’ आणि ‘दीन’ वेगळे. शब्दाच्या कोणत्या भागावर जोर दिला यावरून नाम आणि क्रियापद ठरत नाही. इंग्रजीत ठरते. पहिल्या भागावर जोर दिला तर ‘रेकॉर्ड’, नोंद किंवा तबकडी. दुसऱ्यावर दिला तर ‘रिकॉर्ड’, नोंदवणे. तसेच ‘प्रोटेस्ट’, ‘इन्सल्ट’, ‘परमिट’. १५७० साली पीटर लेव्हिन्सने इंग्रजीचा एक यमककोश काढला. त्यात असे आघाताने वेगळे होणारे शब्द तीनच सापडतात: आउटलॉ, रेबेल आणि रेकॉर्ड. पुढच्या शतकांत ती रांग लांबत गेली आणि आजही लांबते आहे. भाषा आपल्या डोळ्यांदेखत नियम घडवते, याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरा माहीत नाही.

मराठीत आपण ‘रेकॉर्ड करणे’ म्हणतो, म्हणजे पुन्हा नामच, आणि त्यामुळे ‘रिकॉर्ड’ हा उच्चार आपल्या कानावर येतच नाही. माझ्या एका विद्यार्थ्याला मुलाखतीत वाक्य वाचायला दिले होते. त्याने क्रियापदाच्या जागी नामाचा उच्चार केला आणि समोरच्यांना अर्थ लागेना. त्याने वाक्य तीनदा वाचले. तो मला सांगत होता तेव्हा त्याच्या बोलण्यात अजूनही तो घाम होता. दोष त्याच्या अभ्यासाचा नव्हता. त्याने तो शब्द आयुष्यभर ‘करणे’च्या सोबतीने ऐकला होता.

शेवटच्या स्वराचा फरकही असाच आहे. ‘ॲडव्होकेट’ हे क्रियापद असेल, म्हणजे एखाद्या गोष्टीची बाजू घेणे, तर शेवटचा ‘केट’ पूर्ण उच्चारायचा. नाम असेल, म्हणजे वकील, तर तो ‘कट’सारखा पुसट. आपण वकिलांनाही पूर्ण ‘केट’ देतो. मराठी बोलताना ते योग्यच आहे, कारण तो आता मराठी शब्द आहे. सरकारी पत्रांतले ‘इंटिमेट’ त्याच वर्गातले. क्रियापद म्हणून कळवणे, शेवट पूर्ण. विशेषण म्हणून जवळचा, शेवट पुसट. ‘आपणास कळविण्यात येते की’ या आपल्या कचेरीतल्या वाक्याची इंग्रजी छाया याच शब्दाने पडते. त्याचे नाम ‘इंटिमेशन’ आपल्या बँकांत आणि विमा कंपन्यांत रोज वापरले जाते.

याच ‘ॲडव्होकेट’वर बेंजामिन फ्रँकलिन चिडले होते. २६ डिसेंबर १७८९ ला त्यांनी कोशकार नोआ वेब्स्टर यांना पत्र लिहिले की नोटिस, ॲडव्होकेट, प्रोग्रेस या नामांची क्रियापदे होऊ लागली आहेत, ती तुम्ही थांबवा. वस्तुतः ‘ॲडव्होकेट’ क्रियापद म्हणून इंग्लंडात शंभराहून अधिक वर्षे वापरात होते. आज ही तिन्ही क्रियापदे निर्वेध चालतात. नामाचे रूप जराही न बदलता त्याला क्रियापदाच्या कामाला लावणे ही इंग्रजीची जुनी खोड आहे, आणि संवादाच्या शब्दांत ती सर्वांत जास्त दिसते: रिपोर्ट, कॉमेंट, प्रॉमिस, गॉसिप, ऑर्डर. टेलिफोनचा फोन झाला आणि लगेच क्रियापद झाला. ईमेल झाले, टेक्स्ट झाले. क्रिकेटमधले ‘अपील’ हे दोन्ही आहे, आणि ‘बिग आस्क’ म्हणताना समालोचक विचारण्याच्या क्रियापदाचे नाम करून टाकतात. उलटेही घडते. ‘एडिटर’ आधी आला आणि ‘एडिट’ त्याच्यावरून मागाहून बनले.

आपण मात्र ‘फोनणे’ म्हणत नाही, ‘ईमेलणे’ म्हणत नाही. फोन करतो, ईमेल टाकतो, मेसेज पाठवतो. मला यात मराठीचे दारिद्र्य दिसत नाही. मराठीला कृतीचा प्रकार सांगायचा असतो: फोन लावला, फोन उचलला, फोन ठेवला, फोन फिरवला. एका ‘फोन’ला चार क्रियापदे जोडून चार प्रसंग उभे राहतात. इंग्रजीने नाम-क्रियापद एक करून वेग मिळवला, मराठीने ती वेगळी ठेवून बारकावा मिळवला.

मोजता येण्याजोगी नामे आणि न येण्याजोगी नामे, हा भाग पुस्तकात आटोपशीर आहे. एक गोष्ट इथे सांगतो. ‘इन्फर्मेशन’चे अनेकवचन होत नाही हे मुलांना पटवण्याची गरजच नसावी, कारण ‘माहिती’चेही आपण करत नाही. ‘माहित्या’ कुणी म्हणत नाही. पण सल्ल्याचे सल्ले होतात, बातमीच्या बातम्या होतात, म्हणून ‘ॲडव्हाइसेस’ लिहिले जाते आणि ‘न्यूज’ला ‘आर’ लावला जातो. आपल्या भाषेशी ताडून पाहिले की कोणती चूक होणार हे आधीच सांगता येते. पुस्तकाची सगळी मांडणी याच विश्वासावर केली आहे. प्रत्येक नोंदीत आधी मराठी वाक्य आहे, मग इंग्रजी नामाचे, मग क्रियापदाचे. उजवीकडे एक रिकामा रकाना ठेवला आहे. तो वाचकाने आपल्या घरातल्या, कचेरीतल्या वाक्यांनी भरावा. शिक्षकांना विनंती अशी की नोंदी क्रमाने शिकवू नका. मुलांच्या वहीत जी चूक सापडेल तिथून पुस्तक उघडा.

नोंदींचा क्रम मराठी शब्दांप्रमाणे आहे. शेवटची नोंद मात्र क्रम मोडून ठेवली आहे, ‘से’ची. इंग्रजीत ‘से’ हे क्रियापद सर्वांना माहीत आहे, पण नाम म्हणून तो शब्द फारसा शिकवला जात नाही. महाराष्ट्रातल्या तालुका न्यायालयांत तो रोज ऐकू येतो. एका बाजूने अर्ज केला की न्यायाधीश दुसऱ्या बाजूचा ‘से’ मागवतात, आणि कारकून विचारतो, “से आला का?” आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याबरोबर बांधाच्या वादासाठी मी गेलो होतो. वकिलांनी सांगितले की सोमवारी से दाखल करायचा आहे. म्हाताऱ्याने टोपी काढून हातात घेतली आणि विचारले, “से म्हंजे काय, साहेब?”

वकील म्हणाले, “तुमचं म्हणणं.”

“मग ते आजच सांगतो की,” म्हातारा म्हणाला, आणि बाकावर मांडी घालून बसला.